गुणांखालची सही

परीक्षेत मिळणाऱ्या आकड्यांना मराठीत ‘गुण’ म्हणतात, आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही ‘गुण’च म्हणतात. हिंदीत पहिल्या अर्थासाठी ‘अंक’ हा निराळा शब्द आहे. आणि नोकरीच्या निमित्ताने आपण ज्या मुलखांत येऊन राहिलो तेथील शाळांत जाणारी आपली मुले तर ‘नंबर’ म्हणून मोकळी होतात. हा भेद केवळ शब्दांपुरता आहे असे आम्हांस वाटत नाही. अंक मोजावयाचे असतात. गुण ओळखावयाचे असतात. ‘परीक्षा’ या शब्दाचा धात्वर्थही सर्व बाजूंनी पाहणे असाच आहे. ज्यांनी हे शब्द रूढ केले त्यांनी एक गोष्ट न सांगता गृहीत धरली होती, ती ही की, पाहणारा आणि ओळखणारा कोणी तरी माणूस असेल. आज ते गृहीत धरता येत नाही, आणि म्हणूनच प्रस्तुत प्रश्नाचा विचार अवश्य झाला आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी नावाचे संभाषण करणारे यंत्र सर्वांसाठी खुले झाले. तेव्हापासून घरोघरी एकच चिंता ऐकू येते : मुले निबंध यंत्राकडून लिहवून घेतील, मग त्यांना स्वतःला काय येणार? चिंता रास्त आहे; परंतु ती फारशी नवी नाही. शेजाऱ्याची वही उतरवून काढणे आणि गाईडातील उत्तर पाठ करून लिहिणे हे प्रकार यंत्र येण्यापूर्वीही होते आणि शिक्षकांना त्यांची चांगली ओळख होती. याहून गंभीर प्रश्न उलट्या दिशेचा आहे. मुलाने यंत्राकडून काय घेतले, यापेक्षा यंत्राने मुलाविषयी काय म्हटले आणि ते म्हणणे कोणी खरे मानले, याचा परिणाम मुलाच्या आयुष्यावर अधिक होतो. उत्तरपत्रिका तपासणे, अभ्यासात कोण मागे पडेल याचे भाकीत करणे, कोणी नक्कल केली याचा संशय घेणे, ही कामे जगातील निरनिराळ्या देशांत यंत्रांकडे जाऊ लागली आहेत. या कामांचे नीतिनियम कोणी ठरवावेत? यंत्रे तयार करणाऱ्या कंपन्यांनी, सरकारने, पालकांनी, की शिक्षकांनी? आमच्या मते यात पुढाकार शिक्षकांचा असला पाहिजे. मात्र शिक्षक इतरांहून शहाणे असतात किंवा अधिक शुद्ध असतात, म्हणून नव्हे. कारण निराळे आहे, आणि ते स्पष्ट होण्यासाठी इंग्लंडात घडलेली एक हकीगत थोडी तपशिलाने सांगणे इष्ट होईल.

२०२० साली कोविडच्या साथीमुळे इंग्लंडातील शालान्त परीक्षा रद्द झाल्या. विद्यापीठातील प्रवेश ज्यावर अवलंबून असतो त्या ‘ए लेव्हल’ परीक्षेच्या श्रेणी तरीही देणे भाग होते. तेथील परीक्षा-नियामक संस्थेने, म्हणजे ऑफक्वालने, शिक्षकांकडून दोन गोष्टी मागविल्या. परीक्षा झाली असती तर प्रत्येक विद्यार्थ्याला कोणती श्रेणी मिळाली असती, ही पहिली; आणि त्या विषयात वर्गातील मुलांचा अनुक्रम काय, ही दुसरी. नंतर एका गणिती सूत्राने काम हाती घेतले. त्या शाळेतील त्या विषयाचा मागील तीन वर्षांचा निकाल पाहून, मुलांच्या पूर्वीच्या परीक्षांनुसार त्यात थोडा फेर करून, यंदा त्या शाळेला कोणत्या श्रेणी किती मिळावयाच्या ते सूत्राने ठरविले, आणि शिक्षकांनी दिलेल्या अनुक्रमाने मुले त्या खणांत बसविली. शिक्षकांनी दिलेला अनुक्रम ठेवला, श्रेणी बाजूला सारली. वर्गात पाच किंवा त्याहून कमी मुले असतील तर मात्र शिक्षकांचीच श्रेणी कायम राहिली. आणि असे लहान वर्ग भरमसाट फी घेणाऱ्या खाजगी शाळांत अधिक असल्यामुळे त्या सवलतीचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हे सांगावयास नको.

१३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी दर १०० मागे सुमारे ३९ श्रेणी सूत्राने खाली ओढल्या होत्या. ज्या शाळेतून गेल्या तीन वर्षांत कोणालाही सर्वोच्च श्रेणी मिळाली नव्हती, त्या शाळेतील एखाद्या कुशाग्र मुलीला ती मिळण्याची वाट या रीतीत जवळजवळ बंदच होती. तिने काय वाचले, काय लिहिले, यांतले काहीही त्या सूत्रापर्यंत पोचले नव्हते. आपल्या आधी त्या बाकांवर कोण बसून गेले, त्याचे प्रायश्चित्त तिने घ्यावयाचे होते. मुले रस्त्यावर आली, आणि चौथ्या दिवशी, म्हणजे १७ ऑगस्टला, सरकारने माघार घेऊन शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्या. २६ ऑगस्टला पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी एका शाळेत मुलांसमोर बोलताना सर्व दोष सूत्राच्या माथी मारला. सूत्राला तोंड नसल्यामुळे ते निमूट राहिले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. सूत्राची बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. यंदाचा एकूण निकाल गेल्या वर्षांच्या मानाने फुगू नये, हे काम त्याला सांगितले होते, आणि ते त्याने चोख केले. सबंध देशाच्या सरासरीला त्याने न्याय दिला. अन्याय झाला तो एकेका मुलावर. आता सरासरी ही खरी असते, परंतु ती कोणाचेही नाव नव्हे. शंभर मुलांविषयी जे बरोबर, ते त्या शंभरांतील एकीविषयी बरोबर असेलच असे नाही; आणि परीक्षा ही नेहमी त्या एकीची असते. शाळेची परीक्षा घ्यावयाची तर खुशाल घ्यावी, परंतु तिचे गुण विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर लिहू नयेत. आजची शिकणारी यंत्रे इंग्लंडातील त्या सूत्राहून कितीतरी गुंतागुंतीची आहेत. त्या सूत्राची कृती निदान तीनशेहून अधिक पानांच्या अहवालात छापून प्रसिद्ध झाली होती. आजच्या यंत्राने अमुकच निर्णय का दिला, हे पुष्कळदा त्याच्या निर्मात्यांनाही नेमके उलगडून दाखविता येत नाही. तथापि दोहोंची मूळ रीत एकच : गेल्या काळाच्या नोंदी पाहून समोरच्या माणसाविषयी अनुमान करणे.

यावर विचारी वाचक दोन आक्षेप घेतील, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा की, शिक्षकांचे गुणदान तरी कोठे निर्दोष असते? इंग्लंडात शिक्षकांच्या श्रेणी मान्य केल्यावर वरच्या दोन श्रेणी मिळविणाऱ्यांचे प्रमाण आदल्या वर्षीच्या सुमारे २५ टक्क्यांवरून सुमारे ३८ टक्क्यांवर गेले. एका वर्षात मुले एवढी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. शिक्षकांची माया आकड्यांत उतरली, हे उघड आहे. दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि अधिक बोचणारा आहे. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला इतरांपासून वेगळे गोणपाटावर बसावे लागे, आणि शिपायाने नळ उघडल्याखेरीज त्याला पाणी मिळत नसे. ही व्यवस्था कोणत्या यंत्राने केली नव्हती. शिकल्यासवरल्या शिक्षकांच्या डोळ्यांदेखत ती चालत होती. ज्या वर्गाने असा इतिहास घडविला त्याच्या हाती नीतीची धुरा कशी द्यावी? जात न ओळखणारे यंत्र त्याहून बरे नव्हे काय?

या दुसऱ्या आक्षेपाला आम्ही असे उत्तर देतो. समजा, त्या काळच्या शाळांच्या नोंदी घेऊन एखादे यंत्र शिकवून तयार केले असते, आणि गोणपाटावरील मुलाचे पुढे काय होईल असे त्याला विचारले असते. त्याला जात सांगितली नसती तरी गाव, वस्ती, बापाचा धंदा, पूर्वी त्या वस्तीतून किती मुले शिकली, हे त्याला ठाऊक असते. त्याने प्रामाणिकपणे सांगितले असते की, असा मुलगा मॅट्रिकपर्यंत पोचण्याचा संभव नाहीसारखाच आहे. त्याच्यावर श्रम खर्चू नयेत. मागील नोंदींच्या हिशेबाने हे उत्तर बिनचूक ठरले असते. तो मुलगा १९०७ साली मॅट्रिक झाला आणि पुढे काय झाला, हे सर्वांना विदित आहे. तात्पर्य, यंत्र जात ओळखत नाही म्हणून ते जातीपासून मुक्त आहे असे नव्हे. पूर्वीचा अन्याय नोंदींत जाऊन बसलेला असतो, आणि नोंदींवर पोसलेले यंत्र तो अन्याय आकडा म्हणून परत देते. शिक्षकाच्या तोंडून निघालेला तोच निर्णय पूर्वग्रह म्हणून ओळखू येतो. यंत्रातून आला की तो शास्त्र म्हणून मिरवतो.

परंतु यामुळे शिक्षक निर्दोष ठरत नाहीत, हेही तितकेच खरे. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव व सावित्रीबाई फुले हे शिक्षकच होते, आणि त्यांच्या नावे बोटे मोडणाऱ्यांतही शास्त्री-पंतोजींची वाण नव्हती. मग शिक्षकांनीच पुढाकार घ्यावा असे आम्ही का म्हणतो? आमच्या मते याची किल्ली ‘जबाबदार’ या शब्दात आहे. जबाब म्हणजे उत्तर, आणि जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे उत्तर देणे लागते तो. मुलाला गुण कमी मिळाले तर ते, किंवा त्याची आई, उद्या सकाळी ज्याच्यापुढे जाऊन ‘का?’ असे विचारू शकते, असा मनुष्य शिक्षणाच्या सबंध व्यवस्थेत एकच आहे. कंपनीचा पत्ता दुसऱ्या खंडातला असतो. खात्याचा सचिव भेटत नाही. शिक्षक भेटतो. तो चुकेल, माया करील, प्रसंगी द्वेषही करील. परंतु त्याच्याशी भांडता येते, त्याला लाज वाटू शकते, आणि त्याने दिलेला निर्णय बदलवून घेता येतो. यंत्र प्रश्नाचे उत्तर देते, आणि अलीकडे तर फार गोड भाषेत देते. परंतु जबाब देणे त्याच्या स्वभावात नाही, कारण चुकल्यास त्याला काही गमवावे लागत नाही. ज्याला जाब विचारता येत नाही त्याला दुसऱ्याचा न्याय करण्याचा अधिकार नाही, एवढेच आमच्या म्हणण्याचे सूत्र आहे. पहिल्या आक्षेपाचेही उत्तर त्यातच येते. शिक्षकांनी श्रेणी फुगविल्या, तर कोणी व का फुगविल्या हे विचारता येते, एकाची तपासणी दुसऱ्याकडून करवून घेता येते. चूक होणार नाही अशी व्यवस्था मनुष्याला सापडलेली नाही; चूक दाखविता येईल अशी व्यवस्था मात्र करता येते.

हे तत्त्व सरकारी नोकरांना नवे वाटू नये. आम्ही कचेरीत बसणारी माणसे सहीचे महत्त्व इतरांहून अधिक जाणतो. टिपणी कोणी मांडली, कोणी पुढे पाठविली, निर्णय कोणी दिला, हे फाईल उघडताच तारीखवार कळते. फायली आता कागदावरून ई-ऑफिसच्या पडद्यावर गेल्या, तरी प्रत्येक शेऱ्यापुढे माणसाचे नाव आहेच. परंतु खुद्द आमच्याविषयीचा वार्षिक गोपनीय अहवाल मात्र पुष्कळ वर्षे आम्हांला दिसत नसे. अगदीच प्रतिकूल शेरा असेल तर तेवढा कळविला जाई. सीमा मार्ग संघटनेतील देव दत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याच्या अहवालात एका वर्षी ‘गुड’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘व्हेरी गुड’ लागत असल्यामुळे तो चांगला दिसणारा शेराच त्याच्या मुळावर आला, आणि त्याला तो ठाऊकही नव्हता. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात असा निर्णय दिला की, शेरा कसाही असो, तो ज्याच्याविषयी आहे त्याला कळविलाच पाहिजे. पुढच्या वर्षापासून सबंध अहवाल दाखविण्याची पद्धत सुरू झाली, आणि त्यावर म्हणणे मांडण्याचा हक्कही मिळाला. विद्यार्थ्यांच्या बाबतीतही तसेच घडले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्धच्या एका खटल्यात २०११ साली त्याच न्यायालयाने, परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येईल, असे ठरविले. म्हणजे आपल्या देशात कारकुनाला आणि विद्यार्थ्याला, दोघांनाही, आपल्याविषयी काय व का लिहिले गेले हे पाहण्याचा हक्क बऱ्याच खटपटीने मिळालेला आहे. आता उत्तरपत्रिका यंत्र तपासू लागले, तर ती पाहून काय कळणार? तांबड्या शाईची खूण नसेल, समासातील ‘पायरी चुकली’ हा शेरा नसेल. कोठून तरी उतरलेला एक आकडा असेल. कायद्याने दिलेला हक्क यंत्राने असा हळूच काढून घेऊ नये, याची काळजी घेणारा कोणी पाहिजे.

अशी काळजी शिक्षक घेऊ शकतात, याचे उदाहरण अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात सापडते. तेथील शाळा-मंडळ विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून प्रत्येक शिक्षकाचे मूल्य आकड्यांत काढीत असे, आणि हा हिशेब एका खाजगी कंपनीच्या गुप्त सूत्राने होत असे. शिक्षकांच्या नोकऱ्या त्यावर ठरत, परंतु आपला आकडा बरोबर आहे की नाही हे कोणाही शिक्षकाला पडताळून पाहता येत नसे. त्यातही नवल असे की, एकाच्या आकड्यात दुरुस्ती करावयाची झाल्यास सबंध हिशेब पुन्हा मांडावा लागे, आणि त्यामुळे इतरांचे आकडे बदलण्याचा संभव असे. ज्येष्ठतेच्या यादीत वरचे एक नाव हलले की खालची सर्व हलतात, हे आम्हांला ठाऊक आहे. परंतु ती यादी पक्की होण्यापूर्वी निदान हरकती मागविण्याची रीत असते. ह्यूस्टनचे शिक्षक व त्यांची संघटना २०१४ साली न्यायालयात गेली. २०१७ च्या मे महिन्यात, पडताळता न येणाऱ्या आकड्यावरून नोकरी घालविणे न्यायाच्या रीतीस धरून आहे काय या शिक्षकांच्या मुद्द्यात न्यायालयाला तथ्य दिसले, आणि त्याच वर्षी मंडळाने तडजोड करून तसे आकडे नोकरीवरून काढण्यासाठी न वापरण्याचे मान्य केले. शिक्षकांनी येथे यंत्र फोडा असे म्हटले नाही. कारण सांगा, एवढेच म्हटले. जे त्यांनी स्वतःसाठी मागितले तेच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी मागावे, याहून शिक्षकांचा पुढाकार म्हणजे काही निराळे आहे असे आम्हांस वाटत नाही.

आणि हा विद्यार्थी दूरचा कोणी नव्हे. बदली होणाऱ्या केंद्र सरकारच्या नोकरांच्या मुलांची सोय व्हावी म्हणून केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ पासून अमलात आली. नागपूरहून गुवाहाटी, तेथून चेन्नई, तेथून दिल्ली, असा ज्यांचा प्रवास होतो त्या मुलांची घरची भाषा एक, रस्त्याची दुसरी आणि शाळेची तिसरी असते. इंग्रजी ती नेटाने शिकतात. लहान, सुबक, व्याकरणशुद्ध वाक्ये लिहितात. आता निबंध यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखण्याचा दावा करणारी साधने निघाली आहेत. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा परीक्षार्थींचे ९१ निबंध त्यांनी त्यांपुढे ठेवले. हे सर्व निबंध माणसांनी लिहिलेले असूनही त्यांतील सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांवर यंत्रलिखिताचा शिक्का बसला. अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र बहुतेक सर्व बिनचूक ओळखले गेले. कारण सरळ आहे. परकी भाषा जपून वापरणाऱ्याचा शब्दसंग्रह आटोपशीर असतो, वाक्ये अपेक्षित वळणाने जातात. आणि अपेक्षित वळण हीच यंत्रलिखिताची खूण, असे त्या साधनांनी मानले होते. चॅटजीपीटी तयार करणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधनही अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतले. आता ज्या मुलाने घरी मराठी बोलून शाळेत शुद्ध इंग्रजी लिहिण्याची खटपट केली, त्याच्या शुद्धतेवरूनच त्याला चोर ठरविले, तर त्याने आपली बाजू कोणापुढे मांडावी? त्याच्या वहीची जुनी पाने ज्याने वाचली आहेत, वर्गात तोच विषय तो तोंडी कसा मांडतो हे ज्याने ऐकले आहे, असा शिक्षक हाच त्याचा साक्षीदार. तो शिक्षकच यंत्राचा कौल वाचून दाखवू लागला, तर मुलाला साक्षीदार उरत नाही.

नियम करण्याचे काम जगात सुरू झाले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. युनेस्कोने २०२१ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीविषयी शिफारस मंजूर केली, आणि २०२४ साली या विषयात शिक्षकांच्या अंगी काय असावे याचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात यंत्र वापरण्याच्या कौशल्याबरोबर नीतीचा विचारही शिक्षकाचे काम म्हणून धरला आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने प्रवेश ठरविणारी, गुण देणारी व परीक्षेत पहारा करणारी यंत्रे मोठ्या जोखमीच्या वर्गात घातली. आणि शाळेत मुलांच्या चेहऱ्यावरून भावना ताडणाऱ्या यंत्रांना, वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळून, २ फेब्रुवारी २०२५ पासून बंदी केली. आपल्याकडे केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ सालीच कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय नववीपासून ऐच्छिक म्हणून आणला. परंतु यंत्राविषयी शिकविणे निराळे आणि यंत्राकडून मुलाची पारख करवून घेणे निराळे. पहिल्यासाठी पुस्तक पुरते. दुसऱ्यासाठी वर्गातल्या माणसाला ‘येथपर्यंतच’ असे म्हणण्याचा अधिकार लागतो.

हा अधिकार कागदावर देणे सोपे आहे, आणि येथेच खरा धोका आहे. ‘अंतिम निर्णय शिक्षकाचाच राहील’ असे कलम प्रत्येक नियमावलीत घालता येईल. परंतु वर्गात साठ मुले, शिवाय निवडणुकीची व गणनेची कामे, आणि संध्याकाळपर्यंत गुण भरून द्या असा हुकूम, अशा स्थितीत यंत्राने तयार करून दिलेल्या यादीवर शिक्षक काय करील? सही करील. खाली मान घालून केलेल्या सह्या म्हणजे काय, हे आम्ही कारकून पुरते जाणतो. न वाचता केलेली सही ही सही नसण्यापेक्षा वाईट, कारण तिच्यामुळे जबाबदारी आहे असा भास होतो आणि जबाब मात्र कोणाकडेच नसतो. म्हणून आमच्या मते नीतीचा पहिला प्रश्न वेळेचा आहे. यंत्राने शिक्षकाचे दोन तास वाचविले, तर ते दोन तास कोणाच्या खात्यावर जमा झाले? ते मागे पडलेल्या मुलाजवळ बसण्यासाठी मिळाले, तर यंत्राचे स्वागत करावे, आम्हीही करू. यंत्र उच्चार तपासील, सराव करून घेईल, न दिसणाऱ्या मुलाला पुस्तक वाचून दाखवील. परंतु ते दोन तास दाखवून शिक्षकांची एक जागा कमी केली, तर गुणांखाली वाचून सही करणारा मनुष्यच आपण काढून टाकला, असे होईल.

संभाषण करणारा पहिला गाजलेला प्रोग्रॅम १९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेत प्रसिद्ध केला. त्याचीच पुढे लोकांवर पडलेली मोहिनी पाहून ते अस्वस्थ झाले, आणि १९७६ साली त्यांनी एक सबंध पुस्तक लिहून असे प्रतिपादिले की, यंत्राला काय करता येते हा एक प्रश्न आणि त्याने काय करावे हा दुसरा; पहिल्याचे उत्तर कितीही विस्तारले तरी दुसरा त्यात विरघळत नाही. यंत्र घडविणाऱ्याने हे सांगितले आहे. माणूस घडविणाऱ्यांनी ते अधिक ठामपणे सांगावयास हवे.

आपण पालक म्हणून यात काय करू शकतो? फार नाही, परंतु अगदीच थोडेही नाही. शाळेत पालकांची सभा होते तेव्हा आपण बहुधा मुलाला किती गुण मिळाले हे विचारतो. यापुढे ते कोणी दिले, हेही विचारावे. कोणत्या साधनाने तपासले, कोणी वाचले, चूक वाटल्यास कोणाकडे जावे, हे प्रश्न सभ्यपणे आणि पुन्हा पुन्हा विचारावेत. असे विचारल्याने शिक्षकाचा उपमर्द होत नाही. उलट, वरून आलेल्या यंत्रापुढे त्याला उभे राहण्यास तेवढा आधार मिळतो. ‘पालक विचारतात’ हे कारण फाईलवर चालते, हे आपणांस माहीत आहेच.